आजचं मनन: शिष्यांचा प्रश्न आणि प्रभूचा चिखल (योहान ९:१–२३)



आजचा शास्त्रभाग योहान ९:१–२३. पुढे वाचण्याआधी तो एकदा स्वतःच्या बायबलमधून वाचा, ॲपमध्ये असेल तर ॲपमध्ये. पाच मिनिटं लागतात. आजचं मनन नेहमीपेक्षा लांब झालंय. बसमध्ये पूर्ण झालं नाही तर रात्री वाचा, पण अर्धवट सोडू नका, कारण पहिल्या अर्ध्या भागात मी नुसती तक्रार केली आहे.

आमच्या ऑफिसात प्रॉडक्शनला काही कोसळलं की दुसऱ्या दिवशी एक मीटिंग होते. नाव रूट कॉज ॲनालिसिस. पहिल्याच स्लाइडवर लिहिलेलं असतं की इथे कोणालाही दोष द्यायचा नाही. आणि दहाव्या मिनिटाला कोणीतरी हळूच विचारतोच, "हा कमिट कोणाचा होता?"

शिष्यांनी तेच केलं. रस्त्याच्या कडेला एक माणूस भीक मागत बसलाय, जन्मापासून आंधळा. त्याचं नाव काय, सकाळपासून काही खाल्लं का, कुठे राहतो, यातलं काहीच त्यांना पडलेलं नाही. थेट प्रभूला विचारतात की पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तो माणूस तिथेच बसून हे ऐकतोय बरं का. त्याला दिसत नाही, पण ऐकू येतं.

हा प्रश्न मी लहानपणापासून घरात ऐकलाय. मी मूळचा चंद्रपूरचा. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला नुसतं दादा म्हणायचो, सिकलसेलचा पेशंट होता. पुण्या-मुंबईत वाढलेल्या अनेकांना हा शब्द नवीन असेल. विदर्भात आणि तिकडे नंदुरबारकडे तो शाळेतल्या पोरांनाही माहीत असतो. रक्तातल्या लाल पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांतून जे दुखणं उठतं त्याला साधी गोळी पुरत नाही. थंडीच्या दिवसांत दादा रात्र रात्र विव्हळायचा. मावशी त्याचे गुडघे शेकत बसायची आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायची, "आमच्या हातून काय पाप घडलं असन बापा?" घरी प्रार्थनेला येणारी माणसं हाच प्रश्न जरा सभ्य भाषेत विचारायची. कबूल न केलेलं काही राहिलंय का, तपासून पाहा म्हणायची. दादा एकविसाव्या वर्षी गेला. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. परीक्षा चालू होती म्हणून मातीलासुद्धा पोचलो नाही.

आता माझी मुलगी सहा वर्षांची आहे. इथे तिला चिऊ म्हणतो. ती नऊ महिन्यांची असताना तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजली. आधी वाटलं काहीतरी चावलं असेल, मग वाटलं इन्फेक्शन असेल. तिसऱ्या दिवशी पुण्यातल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी बोटं बघता बघता विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" मी म्हटलं चंद्रपूर, आणि बायको गडचिरोली जिल्ह्यातली. त्यांनी पेन खाली ठेवलं, थोडं थांबल्या आणि रक्ताची वेगळी तपासणी लिहून दिली. रिपोर्ट आला, चिऊ एसएस. मग आमच्या दोघांचे रिपोर्ट आले, एएस आणि एएस. म्हणजे आम्ही दोघंही वाहक. आम्हाला स्वतःला काहीच त्रास नाही, पण प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी की बाळाला दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत मिळेल.

त्या रात्री आईला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला माहीत होतं रे. मावशीसोबत माझंपण तपासलं होतं. कार्ड आहे माझं." कुठे आहे? कपाटात, साड्यांच्या खाली. का नाही सांगितलंस? "तुझ्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं."

मी खूप चिडलो होतो. दोन महिने आईशी नीट बोललो नाही, आणि त्याच काळात रविवारी प्रभुभोजन घेत होतो, हेही इथे लिहून ठेवतो.

म्हणून आज २० ते २२ ही वचनं मला थांबवतात. आपण या अध्यायात आंधळ्याबद्दल वाचतो, परूशांबद्दल वाचतो, आणि आईबापांवरून पटकन पुढे जातो. परूशी त्यांना बोलावून विचारतात. ते म्हणतात, हा आमचाच मुलगा, आंधळाच जन्मला हेही खरं, पण आता त्याला कसं दिसतं ते आम्हाला ठाऊक नाही, त्यालाच विचारा, तो वयात आलाय. योहान लगेच कारण सांगतो. ते घाबरले होते. सभास्थानातून बाहेर काढतील ही भीती होती. पोराला पहिल्यांदा दिसू लागलंय, ज्या दिवशी घरात नाचायला हवं त्या दिवशी आईबाप शब्द मोजून बोलताहेत, कारण समाज बसलाय समोर. माझ्या आईच्या कपाटातलं कार्ड आणि त्या आईबापांचं उत्तर यात मला फरक दिसत नाही. पाप कोणाचं असं विचारत राहणारी मंडळी असली की घरातली माणसं खरं लपवायला शिकतात. आणि जनुकांच्या बाबतीत लपवलेलं पुढच्या पिढीच्या बोटांत सुजून वर येतं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. लायनस पॉलिंग हा रसायनशास्त्रातला केवढा मोठा माणूस. सिकलसेल हा रेणूतल्या बिघाडाचा आजार आहे हे १९४९ साली त्याच्याच गटाने दाखवलं. याच पॉलिंगने १९६८ मध्ये सुचवलं होतं की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू चांगला होता. लेकरांचं दुखणं टाळायचं होतं त्याला. पण ज्याच्या कपाळावर ती खूण येणार, त्याच्याकडे बघून जग काय विचारणार होतं? तोच शिष्यांचा प्रश्न.

प्रभूने मात्र शिष्यांची ही मीटिंगच बंद केली. याचंही नाही, आईबापांचंही नाही. तिसऱ्या वचनाचा हा पहिला भाग मी मावशीला फोनवर वाचून दाखवला होता, दादा गेल्यानंतर अनेक वर्षांनी. ती म्हणाली, "हे तेव्हा कोणी सांगितलं नाही."

तिसऱ्या वचनाचा दुसरा भाग मात्र मला बरीच वर्षं आवडला नाही. खरं बोलायचं तर राग यायचा. देवाचं काम त्याच्यात दिसावं म्हणून हा आंधळा जन्मला, असा अर्थ आपल्या भाषांतरातून निघतो. म्हणजे काय? देवाला डेमो द्यायचा होता म्हणून एका लेकराने वीस-तीस वर्षं अंधारात काढायची? चिऊ रात्री पाय धरून रडते ती कोणाच्या तरी साक्षीसाठी?

नंतर एका पाळकांनी मला एक गोष्ट दाखवली. मूळ ग्रीक हस्तलिखितांत आपल्यासारखी विरामचिन्हं नव्हती. पूर्णविराम कुठे द्यायचा हे नंतरच्या लोकांनी ठरवलं. काही अभ्यासक तो पूर्णविराम आधी देतात, याने पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही, इथेच. मग पुढचं वाक्य नव्याने सुरू होतं आणि चौथ्या वचनाला जाऊन जोडलं जातं. याच्यात देवाचं काम दिसावं म्हणून दिवस आहे तोवर आपल्याला काम केलं पाहिजे. सगळे अभ्यासक हे मान्य करतात असं नाही, आणि मी ग्रीक शिकलेलो नाही. पण एक गोष्ट दोन्ही वाचनांत सारखीच आहे. शिष्य मागे बघत होते, झालं कशामुळे. प्रभू पुढे बघतो, आता करायचं काय. आणि जुन्या प्रतींमध्ये तिथे 'मला' नाही, 'आम्हाला' आहे. काम करायला त्याने आपल्यालाही सोबत धरलंय.

मग तो थुंकला, माती कालवली आणि चिखल त्या माणसाच्या डोळ्यांना लावला.

याच शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात प्रभूने नुसत्या शब्दाने, लांबूनच, एका अंमलदाराच्या मुलाला बरं केलंय. इथे शब्द पुरला असता. पण इथे हात घाण झाले, माती लागली, आणि पेशंटला स्वतः चालत शिलोहच्या तळ्यापर्यंत जाऊन धुवावं लागलं. दुसऱ्या शतकातला लियॉनचा बिशप इरेनियस याबद्दल जे लिहून गेला ते मला फार धीर देतं. तो म्हणतो, देवाने आदामाला मातीपासून घडवलं, तोच हात इथे पुन्हा मातीत गेला. आईच्या उदरात या माणसाचं जे घडायचं राहून गेलं होतं ते कुंभाराने चारचौघांसमोर, भर रस्त्यात पूर्ण केलं. बिघाड ही देवाची योजना होती असं तो म्हणत नाही. काम अजून चालू आहे, असं म्हणतो.

एका प्रार्थनासभेनंतर एक बंधू मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "जनुकांत बदल करणं म्हणजे देवाच्या निर्मितीत हात घालणं. तू यात पडू नकोस भाऊ." त्यांचं प्रेम खरं आहे, ते चिऊसाठी उपास करतात. पण चिखलाचं हे वचन वाचल्यावर त्यांचं म्हणणं मला पटत नाही. बिघडलेल्या निर्मितीत पहिला हात प्रभूनेच घातला, आणि तोही शब्बाथाच्या दिवशी.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, यातच मला स्तोत्र सापडलं.

माणसाच्या जनुकसंचात साधारण ३०० कोटी अक्षरं. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनची कृती लिहिलेल्या एका जनुकात एकच अक्षर चुकलेलं असतं, 'ए'च्या जागी 'टी'. बस. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेने या आजारासाठी क्रिस्परवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मंजुरी दिली. नाव कॅसजेव्ही. मला वाटलं होतं की ते चुकलेलं अक्षर खोडून बरोबर अक्षर लिहीत असतील, आपण कोडमध्ये करतो तसं. तसं नाही. गर्भात असताना आपल्या सगळ्यांचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, आणि ते वाकत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर त्याला ब्रेक लावतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन सुरू करतं. म्हणूनच चिऊ पहिले महिने छान होती आणि नंतर बोटं सुजली. हा उपचार त्या ब्रेकवर काम करतो. पेशंटच्याच मूळपेशी काढतात, त्यांतला ब्रेक सैल करतात आणि परत देतात. चुकलेलं अक्षर तिथेच राहतं, पण आईच्या पोटातलं रक्त पुन्हा वाहू लागतं.

स्तोत्र १३९ आपल्यापैकी अनेकांनी शब्बाथ शाळेत पाठ केलंय. आईच्या उदरात देवाने मला विणलं, तो भाग. तेव्हा जे विणलं होतं ते अजून आत कुठेतरी घडी घालून ठेवलेलं आहे, हे मला ऑफिसच्या कँटीनमध्ये एक पेपर वाचताना कळलं. चहा गार झाला होता.

अमेरिकेत सिकलसेलसाठी हा उपचार सगळ्यात आधी २०१९ मध्ये व्हिक्टोरिया ग्रे या मिसिसिपीच्या बाईंना मिळाला. चार लेकरांची आई. त्या आपल्या श्रद्धेबद्दल उघड बोलतात, आणि त्यांना प्रार्थना की विज्ञान अशी निवड करावी लागली नाही. पण सोपं काही नव्हतं. बदललेल्या पेशींना जागा व्हावी म्हणून आधी जड केमोथेरपी देतात, काही आठवडे हॉस्पिटलात काढावे लागतात, आणि पुढे मूल न होण्याचा धोका असतो. सध्या तो १२ वर्षांवरच्या रुग्णांनाच आहे. चिऊला सहा वर्षं आहेत अजून. आणि बारा वर्षांच्या मुलीला विचारायचं कसं की तुला पुढे आई व्हायचंय का? वयात आलाय, त्यालाच विचारा, असं म्हणून मी त्या आईबापांसारखा सुटू शकणार नाही.

इथपर्यंत माझं मन स्वच्छ आहे. आजारी माणसाला बरं करायचं, साधन चिखल असो की क्रिस्पर. रोमन चर्चने २००८ च्या 'डिग्नितास पर्सोने' या पत्रकात असंच म्हटलंय. रुग्णाच्या स्वतःच्या शरीरापुरता, त्याला बरं करण्यासाठी केलेला जनुकीय उपचार तत्त्वतः योग्य, पण पुढच्या पिढ्यांत उतरेल असा बदल आजच्या स्थितीत नाही. आपण प्रॉटेस्टंट आहोत म्हणून हा भाग वगळायचं कारण नाही.

गुंता पुढे आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करत होतो. डॉक्टरांनी फार सभ्यपणे एक पर्याय सांगितला. आयव्हीएफ करायचं, सात-आठ गर्भ तयार करायचे, प्रत्येकाचं जनुक तपासायचं, जे एसएस नाहीत त्यांतला एक ठेवायचा. बाकीच्यांचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. गाडीत बसल्यावर बायको बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. सिग्नलला म्हणाली, "म्हणजे चिऊ त्या टेस्टमध्ये नापास झाली असती."

मी गाडी बाजूला घेतली.

त्या एका वाक्याने मला जो फरक कळला तो कुठल्याही पुस्तकाने कळला नव्हता. चिऊवर उपचार झाला तर चिऊ बरी होते. तीच चिऊ, तोच हट्ट, वरणभातावर तेवढंच तूप. गर्भ निवडला तर कोणीच बरं होत नाही. एका लेकराच्या जागी दुसरं लेकरू येतं. ते दुसरं लेकरूही देवाचंच, त्याच्यावरही आम्ही जीव टाकला असता. पण त्याला बरं करणं म्हणू नये. शुभवर्तमानात प्रभूने आंधळ्याला हात लावला, कुष्ठरोग्याला लावला, याईराच्या मेलेल्या मुलीचा हात धरला. प्रत्येक वेळी समोर एक माणूस होता. या जागी कोण असायला हवं होतं, हा प्रश्न त्याने एकदाही विचारला नाही.

ज्यांनी तो मार्ग घेतला, किंवा पोटातल्या बाळाची तपासणी करून जड निर्णय घेतला, ते यातलं काही वाचत असतील तर त्यांना सांगतो, मी दगड घेऊन उभा नाही. एसएस लेकराची रात्र ज्याने काढलीय त्याला तो निर्णय का घेतला हे समजावून सांगावं लागत नाही. देवापुढे मी स्वतः काय केलं असतं याची मला खात्री नाही, कारण पहिल्या वेळी आम्हाला माहीतच नव्हतं. माहीत नसल्यामुळे टिकलेल्या श्रद्धेचा मी फार मोठेपणा मिरवू नये.

गर्भातच कायमचा बदल करण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या हे जिआनक्वीने जाहीर केलं की त्याने जुळ्या मुलींचं जनुक गर्भावस्थेतच बदललं, एचआयव्ही होऊ नये म्हणून. त्या मुली आजारी नव्हत्या. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, पण त्या मुलींच्या पेशींतला बदल कोण मागे घेणार? आम्ही साधं बटण बदलतो तरी रोलबॅकचा प्लॅन लिहून देतो. आणि आपल्याला जे बिघडलेलं वाटतं ते किती बिघडलेलं आहे हेही आपल्याला नीट कळत नाही. सिकलसेलची एकच प्रत असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात माझ्या पणजोबांच्या पिढ्या जगल्या त्यात या एका अक्षराचा वाटा असणार. (इथे थेट वधस्तंभाचं उदाहरण ओढून आणायचा मोह होतोय, एकाने सोसलं म्हणून इतर जगले वगैरे. नको. चिऊने तसं काही कबूल केलेलं नाही.)

आता पैशाचं बोलतो, कारण त्याशिवाय हे मनन खोटं होईल. कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आपल्या पैशात १८ कोटींच्या वर. चांगला पगार आहे माझा, पण हा आकडा मी पुढची शंभर वर्षं ईएमआय भरला तरी संपणार नाही.

योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दाचं तळं आहे. पाणी हललं की उतरायचं. अडतीस वर्षं पडून असलेला माणूस प्रभूला सांगतो की मला उतरवायला कोणी नाही, मी जाईपर्यंत दुसरा कोणी उतरलेला असतो. अडतीस वर्षांत त्याच्या आजाराबद्दल तो एक शब्द बोलत नाही, रांगेबद्दल बोलतो. आज पाणी हललंय. जनुकीय औषधाचं पाणी खरंच हललंय. आणि भामरागडचं एक लेकरू काठावर पडलंय.

म्हणून वेल्लोरच्या सीएमसीची बातमी वाचून मी ऑफिसात उभा राहिलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या पाच जणांवर जनुकीय उपचार केला, आणि देखरेखीच्या काळात एकालाही रक्तस्रावाचा झटका आला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हे कुठलं हॉस्पिटल? आयडा स्कडर नावाच्या मुलीने १९०० साली एका खाटेवर सुरू केलेलं. एका रात्रीत तीन घरचे पुरुष बायकोच्या बाळंतपणासाठी मदत मागायला आले, पुरुष डॉक्टर नको म्हणाले, आणि सकाळपर्यंत तिघीही गेल्या होत्या. आयडा तेव्हा डॉक्टर नव्हती. मिशनरी व्हायचं नाही हे तिचं ठरलेलं होतं. त्या रात्रीनंतर ती अमेरिकेला जाऊन डॉक्टर होऊन परत आली. तिने कोणाचं पाप ते विचारलं नाही. सव्वाशे वर्षांनी त्याच संस्थेत जनुकांवर काम होतंय.

सिकलसेलसाठीही आपल्याकडे हालचाल आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने स्वतःचा क्रिस्पर उपचार तयार केलाय, बिरसा मुंडांच्या नावावरून बिरसा १०१, आणि तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सिरमशी करार झालाय. माझ्या घरापासून सिरम फार लांब नाही. कधी कधी मगरपट्ट्याहून येताना मी त्या बाजूला बघून प्रार्थना करतो, ट्रॅफिकमध्ये डोळे उघडे ठेवून.

तोवर आमच्याकडे जो चिखल आहे तो आम्ही रोज लावतो. हायड्रॉक्सियुरियाची गोळी. ही साधी स्वस्त गोळीसुद्धा तेच गर्भातलं हिमोग्लोबिन थोडं वाढवते. पाण्याची बाटली, स्वेटर, वेळेवर लसी, ताप आला की लगेच डॉक्टर. दादाला यातलं बहुतेक काहीच मिळालं नाही. तेव्हा औषध नव्हतं असं नाही. घरात सगळे पाप शोधत होते.

एक काम मात्र आपल्या हातात आज आहे, त्याला १८ कोटी लागत नाहीत. सायप्रसमध्ये थॅलेसेमिया घरोघरी होता. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चने १९८० च्या दशकात नियम केला की लग्नाआधी दोघांनी तपासणी आणि समुपदेशन घेतल्याचा दाखला आणायचा. दोघं वाहक निघाले तरी चर्च लग्नाला नाही म्हणत नाही. फक्त एवढंच की कोणीही अंधारात वेदीपुढे उभं राहायचं नाही. आपल्या मंडळीत लग्नाची सूचना तीन रविवार वाचली जाते, हॉलचं भाडं आधी भरून घेतात, बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. सोल्युबिलिटी टेस्ट कोणी विचारत नाही. मी आमच्या पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "लोक घाबरतील, मुलींची लग्नं अडतील." ही भीती खोटी नाही, आईच्या कपाटात मी ती पाहिली आहे. म्हणून मी त्यांना म्हटलं की तरुण संघात आधी मी माझं कार्ड दाखवतो, मग बाकीच्यांना सांगू. येत्या रविवारी उपासनेनंतर आहे. आई चंद्रपूरहून येतेय. स्वतःचं कार्ड आणते म्हणाली. जुनं आहे, घडीवर फाटलंय.

गेल्या आठवड्यात चिऊने विचारलं, "बाबा, देवाने माझं रक्त चुकून असं केलं का?" मी उत्तर तयार ठेवलं होतं, स्तोत्र १३९ सकट. तोंडातून एवढंच आलं की तू चुकून झालेली नाहीस, रक्ताचं काम अजून बाकी आहे. ती म्हणाली, "मग कधी पूर्ण होणार?" मला माहीत नाही म्हटलं. मग तिने गोळी घेतली आणि जीभ काढून दाखवली, गिळली म्हणून.

प्रार्थना: प्रभू येशू, रस्त्याच्या कडेला बसलेल्याला तू आधी पाहिलंस, आम्ही नंतर. मावशीला जे आम्ही विचारलं त्याची क्षमा कर. प्रयोगशाळेत रात्री जागणाऱ्यांचे हात स्थिर ठेव, ते तुला ओळखत असोत वा नसोत. भामरागडच्या त्या लेकराला काठावर ठेवून आम्हाला आधी उतरू देऊ नकोस. आणि आज रात्री थंडी आहे, चिऊचे पाय दुखू देऊ नकोस. आमेन.

उद्याचा भाग: योहान ९:२४–४१.